पाकिटावरची रखमी

रखमी झरीच्या शाळेत खिचडी शिजवायची. माझी आई जयमाला त्याच शाळेत अकरा वर्षं शिकवत होती. सकाळी डहाणूहून निघायचं, तलासरीला उतरायचं, पुढे भरलेल्या जीपमध्ये कुठेतरी टेकायचं, असा तिचा रोजचा रस्ता. दुपारी मुलांची पंगत उठली की आई आणि रखमी स्वयंपाकखोलीच्या पायरीवर बसून आपापले डबे उघडायच्या. आईच्या डब्यात पोळीभाजी, नाहीतर भात. रखमीच्या डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर, तीही मोड आणलेल्या नागलीची. आई घरी येऊन सांगायची, "किंचित गोड लागते गं. आणि एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भुकेचं नाव नाही."

रखमीला ती रीत तिच्या आईने शिकवलेली. नागली तीनचार पाण्यांनी धुवायची, रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात दिवसाभरात मोड दिसतात, थंडीत दोन दिवस लागतात. पावसाळ्यात नागलीला वास येतो, म्हणून तेव्हा करायचीच नाही. पांढरे बारीक कोंब आले की सावलीत सुकवायची, मंद भाजायची आणि दळायची. घरातल्या मोठ्या माणसांसाठी कोंड्यासकट भरड. बाळासाठी मात्र पातळ फडक्यातून गाळून काढलेलं मऊ सत्त्व.

तिचा नवरा सुकऱ्या ताडी काढायचा. ठेकेदाराची झाडं, आणि चढणारा हा. उंच, काटक, पायाचे तळवे झाडाच्या सालीसारखे झालेले. कमरेला दोर घेऊन तो ताडावर असा सरसर जायचा की शाळेची मुलं वर्ग सोडून बघत उभी राहायची आणि आई त्यांना ओरडायची. सुकऱ्याला नागली आवडत नसे. "काळी भाकर लग्नात कोणी वाढतं का?" तो म्हणायचा. त्याला पांढरा भात हवा, दोन्ही वेळ, ताट भरून. रेशनवर तांदूळ भरपूर मिळायला लागला तसा त्याचा प्रश्नच मिटला. उतारावरच्या तुकड्यात नागली लावायची ती रखमी, राखायची ती रखमी आणि खायचीही तीच.

मी हे सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. रखमीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आई निवृत्त झाल्यावर, आमच्या डहाणूच्या घरी.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आईला शुगर निघाली. सारखी तहान, पायांना मुंग्या, आणि नंबर नुकताच बदललेला असूनही चष्म्यातून अंधुक. साखरेची तीन महिन्यांची सरासरी नऊच्या जवळ होती. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी दिली, भात कमी करायला सांगितला, चालायला सांगितलं, आणि म्हणाले, "धान्य कोंड्यासकट खा. मैदा, पॉलिशचा तांदूळ बंद." आईला तिथल्या तिथे झरीची पायरी आठवली. तिने रखमीला फोन लावला.

चौथ्या दिवशी रखमी कापडी पिशवी घेऊन दारात हजर. छापील नायलॉनची साडी, केसांना क्लिप, पायात मुलीची सँडल. आईला बघून तिचे डोळे भरले. "बाई, कशा वाळलात!" म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पीठ कसं भिजवायचं ते दाखवायला लागली, कारण मोडाचं पीठ तुटतं, त्याला कढत पाणी लागतं.

आई शिस्तीची. दुपारी एक जाड भाकर, भरपूर भाजी, वरण नाहीतर मासळी. रात्री भात बंद. संध्याकाळी किनाऱ्याने तासभर चालणं. आणि गोळ्या, घड्याळ लावून. सात महिन्यांनी सरासरी सातच्या खाली आली. डॉक्टर खूश झाले. संध्याकाळची गोळी त्यांनी काढली, सकाळची ठेवली. मी बरोबर होते. ते स्पष्ट म्हणाले, "निम्मी केली आहे, बंद नाही. नागलीने मदत केली हे खरं, पण चालणं आहे, कमी केलेला भात आहे, गोळी आहे. सगळं श्रेय एकालाच देऊ नका."

आम्ही घरी आलो आणि सगळं श्रेय एकालाच दिलं.

पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना आई सांगायची, "माझी शुगर नागलीने उतरली." चालण्याची गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्याचं लक्ष उडायचं. उरलेल्या गोळीची गोष्ट तर कोणाला नकोच होती. हळूहळू आईनेही ती सांगणं सोडलं. फोनवरून, नातेवाइकांच्या ग्रुपवरून बातमी फिरली, आणि फिरता फिरता ती अशी झाली की जयमालाताईंच्या गोळ्या सुटल्या.

माझा धाकटा भाऊ शैलेश तेव्हा तारापूरच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी बसला होता. त्याला ही बातमी आमच्यापेक्षा नीट ऐकू आली. आधी मावशीच्या नणंदेने पीठ मागितलं, मग तिच्या बिल्डिंगमधल्या चौघींनी. शैलेशने रखमीला सांगितलं, तुझ्याकडे असेल नसेल ती सगळी नागली दे, आजूबाजूच्यांचीही घे, मोड आणून दे. रखमीला हे आवडलं. शाळेतलं तिचं काम तेव्हा बचतगटाकडे गेलं होतं आणि तिच्या हाताला दुसरं काही नव्हतं. झरीतल्या तीनचार बायकांना घेऊन तिने काम सुरू केलं. तिची मुलगी दक्षा उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला जायची, तीही सुट्टीच्या दिवशी बसायची.

पहिल्याच खेपेला तक्रारी आल्या. भाकरी मोडतात. घशात कोंडा टोचतो. मुलं खात नाहीत. शैलेशने रखमीला पीठ बारीक दळून, गाळून द्यायला सांगितलं. दुधात नाहीतर पाण्यात कालवून शिजवलं की झालं, असं त्याचं म्हणणं.

रखमी म्हणाली, "गाळलेलं आम्ही बाळाला देतो, शैलेशभाऊ. अंगावर मांस चढायला."

"मग उत्तमच की," शैलेश हसला. "पौष्टिक आहे म्हणून लिहू."

लिहिणार होते मी. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते. निबंधस्पर्धेला मुलांची वाक्यं घासूनपुसून देणारी म्हणून माझं नाव आहे. मी पाकिटासाठी लिहिलं, 'साखर आटोक्यात ठेवायला मदत करणारी मोडाची नागली.' शैलेशने ते वाचून कागद परत दिला.

"मदत करणारी काय, ताई? हे काय कोणी विकत घेणार आहे? आणि आटोक्यात तर गोळीनेपण येते. आपलं वेगळं काय?"

"आईची एक गोळी चालू आहे, शैलेश."

"निम्म्या तर सुटल्या ना? निम्म्या सुटल्या हे पाकिटावर कसं दिसेल?"

मी अर्धा दिवस विचार केला आणि लिहून दिलं, 'साखरेवर मात, गोळ्यांना रजा.' खोटं सांगत नाही, मला तेव्हा त्या 'रजा' शब्दाचा अभिमान वाटला होता. सुटल्या म्हटलं नव्हतं, बंद म्हटलं नव्हतं. नेमका शब्द सापडल्यावर होतो तसा आनंद झाला होता.

फोटोसाठी रखमीला डहाणूला बोलावलं. ती नवी साडी नेसून, पावडर लावून आली. शैलेशला ते नको होतं. त्याला गुडघ्यापर्यंतचं लुगडं हवं होतं आणि हातात सूप. रखमी दुसऱ्या दिवशी झरीतल्या म्हाताऱ्या सोनीबाईचं लुगडं मागून आणून नेसली. "माझी सासूपण शेवटी असं नेसत नव्हती," ती तोंडावर पदर घेऊन हसत होती. त्या हसण्यातलाच फोटो घेतला. पाकिटावर मोठ्या अक्षरात आलं, 'रखमीची नागली'.

आता सुकऱ्याचं सांगते. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर थोडं रखमीकडून कळलं, थोडं दक्षाकडून.

पाकीट निघायच्या दोन वर्षं आधी गावात आरोग्य शिबिर झालं त्यात सुकऱ्याला शुगर निघाली होती. अंगात चरबी नाही, दिवसभर चढउतार करणारा माणूस. त्यालाच पटेना. "साखर श्रीमंताला होते," तो म्हणाला. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळायच्या, फुकट. पण गोळी घेतली की त्याचं पोट ढवळायचं, दिवसातून तीनचार वेळा जावं लागायचं. ताडाच्या शेंड्यावर असताना पोटात कळ आली तर माणसाने करायचं काय? तिथल्या सिस्टरला त्याने हे लाजून कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती, जेवल्यावर घे म्हणून कोणी समजावलं असतं. तो कधी घ्यायचा, कधी नाही. पण रखमी रोज विचारायची म्हणून बहुतेक दिवस घ्यायचा.

मग पाकीट घरी आलं. बायकोचा फोटो असलेलं पाकीट. सुकऱ्याने ते घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने दक्षाला वाचायला लावलं. दक्षाने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं.

"गोळ्यांना रजा म्हणजे?"

"म्हणजे गोळ्या लागत नाहीत, बाबा."

सुकऱ्या रखमीकडे बघून हसला. "तुझ्या हातात औषध, नि मी सरकारी गोळ्या खातोय होय!"

रखमीनेही अडवलं नाही. बाईंची शुगर उतरली हे तिला बाईंनीच सांगितलं होतं. आणि नवरा तिच्या नागलीला काळी म्हणणं सोडून वाटी पुढे करतोय, याचं तिला किती अप्रूप वाटलं असेल! सकाळी वाटीभर पातळ पेज, संध्याकाळी वाटीभर. नुसतं त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यात गुळाचा खडा. वर भात होताच, दोन्ही वेळ. जाडी नागली घरात उरतच नव्हती, सगळी पाकिटात जात होती.

गोळी बंद केल्यावर आठवड्यात त्याचं पोट ताळ्यावर आलं. घरात सगळ्यांना वाटलं, गुण आला.

चार महिने असे गेले. त्या हंगामात ठेकेदाराने त्याला खजुरीची झाडं दिली होती. खजुरीच्या झावळीच्या बुडाशी बोटभर लांब काटे असतात. एक काटा सुकऱ्याच्या डाव्या टाचेत शिरला आणि आत मोडला. त्याला कळलंच नाही. पायाची जाणीव कधीची कमी झाली होती. तो त्याला वयाचा आणि कामाचा परिणाम समजत होता. काटा मोडलेल्या पायाने तो पुढचे नऊदहा दिवस झाडं चढला.

रखमीला आधी वास आला. तिला वाटलं घरात कुठेतरी उंदीर मेला. मग अंगण सारवलेलं होतं त्यावर ओले ठसे दिसले, एकाच पायाचे. तिने त्याला बसवून पाय वर घेतला आणि टाचेला हात लावला तेव्हा तिचं बोट आत गेलं.

"दुखत नाही काही," सुकऱ्या म्हणाला. "दुखलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

आरोग्य केंद्रातल्या मशीनने आकडा दाखवलाच नाही. आकडा मशीनच्या मापाच्या वर गेला होता. तिथून गाडी करून सिल्वासाचं मोठं हॉस्पिटल. तिथे आधी काळी पडलेली दोन बोटं काढली. पाच दिवसांनी गुडघ्याखालून पाय.

तिथे आहाराचं बघणारी एक मुलगी होती. तिने रखमीला विचारलं, माणूस खातो काय. रखमीने पिशवीतून पाकीट काढून दिलं. विश्वासाने दिलं, कारण निदान खाण्यात तरी आपलं चुकलेलं नाही अशी तिची समजूत होती. त्या मुलीने पाकीट उलटंसुलटं केलं, फोटो बघितला, रखमीकडे बघितलं.

"हे तुम्हीच का?"

मग तिने शांतपणे समजावलं. मोड आणलेली नागली चांगलीच. पण कोंडा काढून, बारीक दळून, पातळ शिजवून प्यायलं की ते पोटात जाताच साखर होतं. मोडाने धान्य आधीच पचायला हलकं झालेलं असतं, आणि त्याला आवर घालणारा कोंडा तुम्ही काढून टाकलात. वर गूळ. वजन वाढायला बाळाला देतात तेच तुम्ही शुगरच्या माणसाला दोन वेळा दिलंत. आणि गोळी कोणी बंद करायला सांगितली?

रखमीने पाकिटाकडे बोट दाखवलं.

मार्च महिन्यात एका दुपारी ती आमच्याकडे आली. आई, शैलेश आणि मी, तिघंही घरी होतो. पाय कापल्याचं आम्हाला कळलं होतं. आई दोनदा फोनवर बोलली होती, पण सुकऱ्या नागली पीत होता आणि गोळी सोडली होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रखमी पंख्याखाली बसली नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसली. पाणी प्यायली. मग पिशवीतून पाकीट काढून तिने माझ्या हातात दिलं.

"कीर्तीताई, वाचा."

"रखमी, अगं..."

"मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा."

मी वाचलं. वर्गात वाचते तसा माझा आवाज निघाला नाही.

"रजा म्हणजे काय?" तिने विचारलं.

"सुट्टी."

"दक्षाने सांगितलं, लागत नाहीत म्हणून. सुट्टी घेतलेला माणूस परत कामावर येतो ना? मग लागतात की लागत नाहीत?"

ती आईकडे वळली.

"बाई, तुम्ही गोळी घेता?"

आईने माझ्याकडे बघितलं, शैलेशकडे बघितलं. "एक," ती म्हणाली. "सकाळची."

"मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस गं कधी," आई म्हणाली. ती हे मुद्दाम नाही म्हणाली, तिच्या तोंडून निघून गेलं. पण शब्द बाहेर पडल्यावर खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं, आईलासुद्धा.

शैलेश मधे पडला. "हे बघ रखमीबाई, झालं ते फार वाईट झालं. पण आम्ही काय सुकऱ्याला गोळी बंद कर म्हणून सांगायला आलो होतो? डॉक्टरला विचारायचं ना. आपण औषध विकत नाही, खायची वस्तू विकतो. हजार लोक घेतात."

"हजार लोक," रखमी म्हणाली. "त्यांना तरी सांगा."

शैलेश आत गेला आणि लिफाफ्यात काही पैसे घालून घेऊन आला. मला वाटलं ती भिरकावून देईल. तिने घेतले. नकार देण्याची चैन तिला परवडणारी नव्हती. पदराच्या टोकात लिफाफा बांधत ती म्हणाली, "माझा फोटो काढा पाकिटावरून. नावपण काढा." आई उठून तिच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवायला. रखमी त्याआधीच पायऱ्या उतरली होती.

शैलेशने तिचं ऐकलं. फोटो काढला. त्याच्या जागी मोबाइलवर सापडलेल्या कुठल्याशा हसऱ्या बाईचा फोटो आला. नाव झालं 'डोंगरची नागली'. धान्य तो आता घाऊक बाजारातून घ्यायला लागला, मोड आणायला चिंचणीच्या बाजूला एक शेड घेतली. 'साखरेवर मात, गोळ्यांना रजा' तसंच राहिलं. खाली अगदी बारीक अक्षरात आलं, 'वैद्यकीय सल्ल्याने वापरावे.' ते वाक्यही मीच लिहून दिलं. लिहिताना मी भावाशी भांडले का, असं कोणी विचारलं तर हो, भांडले. जेवायच्या वेळेपर्यंत. आईने जेवायला हाक मारली आणि आम्ही दोघं जेवलो.

पुढच्या जानेवारीत डहाणूच्या मैदानावर खाद्यपदार्थांचं प्रदर्शन भरलं. रविवार होता, शैलेशला माणूस मिळाला नव्हता, म्हणून मी स्टॉलवर उभी होते. गर्दी चांगली होती. रेल्वेवाले, बँकवाले, आमच्या शाळेतल्या दोघी. अकराच्या सुमाराला मला रखमी दिसली. ती स्टॉलच्या कडेला येऊन उभी राहिली होती. माझ्याशी काही बोलली नाही. पाकीट हातात घेतलेल्या एका बाईला मात्र म्हणाली, "बाई, गोळी सोडू नका हां. माझ्या माणसाने हे पिऊन गोळी सोडली, त्याचा पाय गेला."

त्या बाईने पाकीट ठेवून दिलं. दुसरीला रखमीने तेच सांगितलं, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. दुसरीने माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. तिला वाटलं, ही शेजारच्या स्टॉलवाल्यांनी पाठवलेली. तिसऱ्या बाई चांगल्या कपड्यांतल्या, वयस्कर. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कोण आहेत या? तुमच्या ओळखीच्या का?"

रखमी माझ्यापासून चार हातांवर होती. ती माझ्याकडे बघत होती. खरं तर तिच्या बघण्यात राग नव्हता, तिलाही उत्तर ऐकायचं होतं इतकंच.

"नाही हो," मी म्हणाले. "प्रदर्शनात कोणी कोणी येतात."

तेवढ्यात शैलेश आला, त्याने प्रदर्शनाच्या कार्यकर्त्याला खूण केली. कार्यकर्ता भला माणूस होता. "मावशी, स्टॉल नसेल तर इथे उभं राहता येत नाही," असं म्हणून त्याने तिला हाताला न धरता, पुढे पुढे चालत फाटकापर्यंत नेलं. फाटकाबाहेर ती अर्धा तास उभी होती. येणाऱ्यांना काहीतरी सांगत होती. लोक तिला वळसा घालून आत येत होते. संध्याकाळपर्यंत आमची सगळी पाकिटं संपली.

फेब्रुवारीत मी शैलेशला न सांगता झरीला गेले. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मीपण आले असते, पण माझे गुडघे." तिचे गुडघे तेव्हा रोज तासभर चालत होते.

सुकऱ्या अंगणात बाजेवर बसला होता. रखमी आरोग्य केंद्रात त्याची औषधं आणायला गेली होती, रांग असते. त्याने मला ओळखलं नाही. जयमालाबाईंची मुलगी म्हटल्यावर लगबगीने लुंगी सारखी केली, कापलेल्या पायाच्या टोकावर ओढून घेतली. "बाईंची तब्येत बरी ना?" पहिला प्रश्न तोच.

मिळालेला जयपूरचा कृत्रिम पाय खुंटीला टांगलेला होता. बसत नव्हता, घासून जखम व्हायची, आणि आता जखमेची भीती. शुगर म्हणाल तर एकदम ताब्यात. दोन वेळा इन्सुलिनची सुई, एक गोळी, आणि जाडीभरडी मोडाची भाकर, कोंड्यासकट. भात एक मूठ. "सिस्टर म्हणते, सगळ्या तालुक्यात तुझ्यासारखी कोणाची नाही," तो म्हणाला आणि हसला. "नागली खोटी नाही, ताई. माझी खायची रीत खोटी."

मी म्हणाले, "सुकऱ्याभाऊ, पाकिटावरचं ते मी लिहिलं होतं."

त्याने माझ्याकडे नवलाने बघितलं. "तुम्ही होय? मला वाटलं डॉक्टरने लिहिलं असेल."

तो तसा साधेपणाने बोलला, आणि मग मला बांधावरचे ताड दाखवायला लागला. तो पहिला भिकाकडे, दुसऱ्या एका चढणाऱ्याकडे गेला, त्यापुढचा रिकामाच आहे, कारण तो वाकडा आहे, त्यावर चढायला माणूस लागतो. कोणत्या झाडाला कधी खाच द्यायची हे त्याला बाजेवरून दिसत होतं. भिका उशीर करतोय असं त्याचं म्हणणं होतं. मला ऐकवेना. मी रडायला लागले.

रखमी आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिच्या हातात औषधांची पिशवी होती आणि सुया थंड राहाव्यात म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. तिने मला बघितलं. डबा आत मडक्याजवळ नेऊन ठेवला, बाहेर आली, माझ्या दंडाला धरून मला कुडाच्या मागे घेऊन गेली.

"रडायचं असेल तर घरी जाऊन रडा, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "इथे तो ऐकतो. त्याला वाटतं आता काहीतरी चांगलं होणार. तुम्ही रडलात की त्याला कळतं, होणार नाही म्हणून."

"रखमी, त्या दिवशी मैदानावर मी..."

"त्याचं काय. तुमचं दुकान होतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "दुसऱ्या पायाच्या करंगळीला काळं दिसतंय. सिस्टरने उद्या सिल्वासाला न्यायला सांगितलंय. त्याला अजून बोलले नाही. जेवू दे आधी."

मला बसा म्हणाली नाही. आत गेली आणि परातीत पीठ घेऊन त्यावर कढत पाणी ओतायला लागली. बाहेर सुकऱ्या कोणाला तरी हाका मारून भिका कुठे आहे ते विचारत होता. मी चप्पल घातली आणि रस्त्याला लागले. जीप यायला पाऊण तास लागला.